ताबा सुटला, की दिलाच नव्हता?

गळीत हंगाम सुरू झाला की साखरपट्ट्यातील रस्त्यांचे रूप पालटते. दिवस कलल्यावर कारखान्याच्या दिशेने निघालेला एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाने शिगोशीग भरलेले दोन ट्रेलर, मागचा दिवा असलाच तर उसाच्या शेंड्यांखाली झाकलेला, आणि चालकाच्या जागेवर रात्रीची झोप न मिळालेला एखादा विशी-बाविशीचा तरुण. चढाला लागला की ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडू पाहतात. उताराला लागला की मागचे ओझे त्याला रेटत नेते. हे दृश्य आपल्या इतके सरावाचे झाले आहे की त्यात काही विपरीत आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. मग एखाद्या वळणावर ट्रेलर उलटतो, कोणी मोटारसायकलस्वार वा उसावर बसलेला मजूर त्याखाली सापडतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी येतात: चालकाचा ताबा सुटल्याने अपघात. ताबा सुटला हे खरे. पण मुळात त्या ओझ्यावर ताबा ठेवण्याचे साधन चालकाच्या हाती दिलेले होते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आज विचारावयाचा आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. समजा, ट्रॅक्टरचे वजन अडीच टन आहे आणि ऊस व दोन ट्रेलर मिळून मागे वीस टनांचे ओझे आहे. ट्रेलरना ब्रेक नसतील, तर साडेबावीस टन थांबविण्याचे काम अडीच टनांच्या ट्रॅक्टरने करावयाचे. टायर जमिनीला जितके धरून ठेवतील तितकाच ब्रेक लागणार, आणि ही पकड मुख्यतः ट्रॅक्टरच्या वजनावर अवलंबून असते. म्हणजे जो ट्रॅक्टर रिकामा असताना पाच मीटरांत थांबतो, त्याला या ओझ्यासह थांबावयास ढोबळ मानाने नऊपट, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मीटर लागतील. आणि हे सपाट, कोरड्या रस्त्यावर. उतारावर हा हिशेबही उरत नाही. वेग दुप्पट झाला की थांबविण्यास लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक इंजिनाचा उरलासुरला आधारही गमावून बसतो.

त्यात ट्रॅक्टर हे शेतात चालण्यासाठी घडविलेले यंत्र. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक असतात ते केवळ मागच्या चाकांना, आणि तेही डाव्या व उजव्या चाकाला वेगवेगळे. नांगरटीत बांधाजवळ चटकन वळता यावे म्हणून ही सोय असते. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिट्टीने जोडावी लागतात. ती जोडावयाची राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी एका अंगाला वळतो. मागचे ओझे मात्र सरळच येत राहते. जोडणीच्या ठिकाणी ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांचा घडीच्या चाकूसारखा कोन होतो व सारे उलटते. यात चालकाचा हलगर्जीपणा किती आणि यंत्राच्या रचनेचा भाग किती, हे न पाहता दोष लिहून मोकळे होणे म्हणजे न्याय नव्हे.

ओझ्याला त्याचा स्वतःचा ब्रेक असावा आणि तो ओढणाऱ्याच्या हाती असावा, ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत शेतकरी, सुतार, घोडे पाळणारे असे असंख्य लोक आपल्या पिकअप गाडीला मागे ट्रेलर जोडून रोज ये-जा करतात. तेथील बऱ्याच राज्यांत सुमारे ३००० पौंडांहून, म्हणजे साधारण १३६० किलोंहून जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असावाच लागतो. मध्यम वजनाच्या अशा ट्रेलरना बहुधा विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांना आज्ञा देणारी एक लहानशी पेटी चालकाच्या गुडघ्याजवळ बसविलेली असते. तिला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. यंत्राची ही माहिती कार्यकर्त्यांनी थोडी तपशिलात समजून घेतली पाहिजे. कारण आपल्याकडील प्रश्नाची उकल करावयाची रीत तीत दडलेली आहे.

या पेटीला चार तारा असतात. एक बॅटरीकडून वीज आणते, दुसरी जमिनीकरणाची, तिसरी ब्रेकच्या पेडलजवळील दिव्याच्या स्विचला जोडलेली, आणि चौथी मागे ट्रेलरकडे जाणारी. चालकाने पेडल दाबले की तिसऱ्या तारेने पेटीला खबर मिळते आणि चौथ्या तारेने ट्रेलरच्या चाकांतील विद्युतचुंबकांत प्रवाह जातो. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याबरोबर एक दांडा ओढला जातो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात. जुन्या पद्धतीच्या पेट्या ठरावीक वेळेत, ठरावीक जोराने ब्रेक लावतात. नव्या पद्धतीच्या पेटीत वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे ओळखणारे साधन असते. पुढची गाडी जितक्या जोराने थांबते तितक्याच जोराने ती ट्रेलरला थांबविते. म्हणून ती पक्की, प्रवासाच्या दिशेला समांतर आणि सांगितलेल्या कोनातच बसवावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडविणे आणि वीजपुरवठ्याच्या तारेत अधिक प्रवाह झाल्यास मंडल तोडणारे साधन घालणे, ही पथ्ये कोणताही जबाबदार कारागीर पाळतो.

परंतु पेटी बसविली म्हणजे काम संपले असे तेथे कोणी मानीत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते, ते म्हणजे चाचणी. ट्रेलर प्रत्यक्ष जितका भरावयाचा तितका भरून, रहदारी नसलेल्या सपाट कोरड्या रस्त्यावर गाडी न्यावयाची. प्रथम अगदी मंद वेगात पेटीवरील हाताचा दांडा सरकवून पाहावयाचे. पुढच्या गाडीचे पेडल न दाबताही मागचा ट्रेलर गाडीला मागे खेचू लागला पाहिजे. मग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन ब्रेकचा जोर टप्प्याटप्प्याने वाढवीत न्यावयाचा. ट्रेलरची चाके जाम होऊन घसरू लागतात तेथवर पोचले की किंचित मागे यावयाचे. ती त्या ओझ्यापुरती योग्य जागा. ओझे बदलले की हा जोर पुन्हा ठरवावा लागतो; कारण भरल्या ट्रेलरला पुरणारा जोर रिकाम्या ट्रेलरची चाके जाम करतो.

आणखी एक साधन आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. ट्रेलरवर एक छोटी बॅटरी असते आणि तिच्या स्विचमध्ये एक खिट्टी. या खिट्टीची तार पुढच्या गाडीला बांधलेली असते. चालत्या प्रवासात जोडणी तुटून ट्रेलर निसटलाच, तर तार ताणली जाऊन खिट्टी निघते आणि त्या अनाथ ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ज्या क्षणी कोणाचाही ताबा उरत नाही, नेमक्या त्याच क्षणी ओझे स्वतःला थांबविते. यामागे एक विचार आहे: माणूस चुकणार, पिन तुटणार, साखळी निसटणार, पण या चुकीची शिक्षा समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला होता कामा नये.

हे वाचून एखादा साथी म्हणेल, हा तंत्रज्ञांचा विषय झाला. चळवळीचा याच्याशी संबंध काय? त्याचे उत्तर अमेरिकेच्याच रेल्वेच्या इतिहासात आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मालगाडी थांबवावयाची तर ब्रेकवाले कामगार धावत्या डब्यांच्या टपांवरून या डब्यावरून त्या डब्यावर जात आणि हाताने चाके फिरवून एकेका डब्याचा ब्रेक आवळीत. थंडीत टप बर्फाने निसरडे होत. दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून जोडणीची पिन बसविताना बोटे आणि हात चिरडले जात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट १८६९ साली घेतले. पुढे त्यांनी त्यात अशी सुधारणा केली की नळी तुटून दाब गेला तर ब्रेक सुटण्याऐवजी आपोआप लागावा. म्हणजे उपाय हाताशी होता. तरीही मालगाड्यांना तो बसविण्यात कंपन्या वर्षानुवर्षे चालढकल करीत राहिल्या. कारण त्यांच्या लेखी ब्रेकला खर्च होता आणि कामगाराचे बोट फुकट होते.

आयोवा राज्यातील लोरेंझो कॉफिन या गृहस्थांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. १८८६ आणि १८८७ साली त्याच राज्यातील बर्लिंग्टन येथे पन्नास-पन्नास डब्यांच्या मालगाड्या उभ्या करून ब्रेकच्या जाहीर चाचण्या झाल्या. पहिल्या खेपेस असे दिसून आले की पुढच्या डब्यांचा ब्रेक आधी लागतो, मागचे डबे उशिरा थांबतात आणि पुढच्यांवर प्रचंड धक्क्याने आदळतात. जो ब्रेक लहान गाडीला पुरेसा होता तो लांब गाडीला पुरला नाही. चाचणीत हे उघड झाले म्हणूनच यंत्रात सुधारणा झाली. अखेर १८९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने रेल्वे सुरक्षा साधनांचा कायदा केला आणि हवेचे ब्रेक व आपोआप जुळणारी जोडणी यांची सक्ती झाली. तिची पूर्ण अंमलबजावणी व्हावयास १९०० साल उजाडले. शोधापासून अंमलबजावणीपर्यंत तीस वर्षे. या तीस वर्षांत कमतरता होती ती विज्ञानाची नव्हे, कंपन्यांवरील दडपणाची.

आता आपल्या साखरपट्ट्याकडे वळू. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ प्रवरानगरला १९५० च्या सुमारास झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यामागे शेतकरी स्वतःच्या मालाचा स्वामी व्हावा ही दृष्टी होती. त्या कारखानदारीने ग्रामीण भागात पुष्कळ काही उभे केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ऊस फडातून गव्हाणीपर्यंत आणण्याची जी व्यवस्था तिने रूढ केली, तिच्यात जबाबदारीची वाटणी विलक्षण आहे. तोडणी आणि वाहतूक कारखाना ठरवितो, त्याचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून कापून घेतो, वाहतूकदाराला उचल देऊन करारात बांधतो, वाहतूकदार मुकादमाला उचल देतो आणि मुकादम बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून कोयत्यांच्या टोळ्या आणतो. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर कर्ज होतो. जोखीमही तशीच वरून खाली येते आणि शेवटच्या पायरीवर, म्हणजे चालकावर आणि तोडणी कामगारावर, साचून राहते.

वाहतुकीचे पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. उचल फेडावयाची आहे, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर आहे, गाडीतळावर नंबर लागेपर्यंत कित्येक तास मोडतात. मग दोन खेपांचा ऊस एकाच खेपेत नेण्याचा मोह कोणाला होणार नाही? जास्त भरणारा चालक लोभी नसतो. जास्त भरल्याखेरीज त्याचे भागत नाही. हंगामाच्या प्रारंभी याच ट्रेलरमध्ये टोळीतील बायका, तान्ही मुले, भांडीकुंडी आणि सरपण असा संपूर्ण संसार भरून शेकडो मैलांचा प्रवास केला जातो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरवर उसाऐवजी माणसे बसली म्हणजे तो ट्रेलर सुरक्षित होतो, असे तर कोणी म्हणणार नाही.

कायदा नाही काय? आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे मर्यादेबाहेर वजन वाहणे गुन्हा आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे त्याला वीस हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. असुरक्षित अवस्थेतील वाहन रस्त्यावर आणण्यासाठी कलम १९० आहे. कलम ५६ अन्वये परिवहन वाहनाला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण अनेकदा ट्रॅक्टरची नोंद शेतीची असते आणि काम भाड्याच्या वाहतुकीचे चालते, त्यामुळे ती तपासणी बाजूलाच राहते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कलम १९४ हे केवळ चालविणाऱ्यापुरते नाही. जादा वजनाचे वाहन जो चालवावयास लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू आहे. मग आजवर दंडाची पावती चालकाच्या वा ट्रॅक्टरमालकाच्याच हाती का पडते?

पुरावा मिळत नाही असे म्हणण्याची सोय येथे नाही. प्रत्येक ट्रेलर कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेला एकदा आणि रिकामा एकदा असा दोनदा तोलला जातो. कोणत्या ट्रेलरमध्ये किती ऊस आला याची नोंद किलोपर्यंत कारखान्यापाशी असते. तीवरच तर पैसे दिले जातात. म्हणजे जादा वजनाची कबुली कारखाना रोज शेकडो पावत्यांवर स्वतःच छापून देतो! उसात पाचट जास्त आले तर कारखान्याच्या दारात ते दिसते, जळका ऊस आला तर तो ओळखला जातो आणि त्याची कपात होते. एवढी तीक्ष्ण नजर ट्रेलरखाली वाकून ब्रेक आहे की नाही एवढे मात्र पाहू शकत नाही, यावर विश्वास कसा ठेवावा?

आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की ट्रॅक्टर तर सावकाश चालतो, त्याला एवढे ब्रेक कशाला? वीस टनांचे ओझे घाटाच्या उतारावर किती सावकाश चालते, हे ज्याने पाहिले आहे त्याला उत्तर देण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो गंभीर आहे. हप्त्यात बुडालेल्या वाहतूकदारावर किंवा आधीच तोडणी-वाहतुकीची कपात सोसणाऱ्या ऊस उत्पादकावर नवा बोजा टाकून सुरक्षिततेची भाषा करणे आपल्याला शोभणार नाही. म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे: ज्याच्या गव्हाणीसाठी ओझे वाहिले जाते, त्याने ब्रेकचा खर्च सोसावा. तिसरा आक्षेप, परदेशी यंत्र येथे कसे चालेल? परदेशी पेटी आणा असे कोणीच म्हणत नाही. अमेरिकेतील पिकअपचे विजेचे ब्रेक आपल्या उसाच्या ट्रेलरसाठी नव्हेत. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे, हवेच्या दाबावर चालणारे असे ट्रेलरचे ब्रेक अभियांत्रिकीला कधीचेच ठाऊक आहेत. तेथून घ्यावयाची ती पेटी नव्हे, तीन तत्त्वे: ओझ्याला स्वतःचा ब्रेक असावा, तो चालकाच्या हाती असावा, आणि जोडणी तुटली तर तो आपोआप लागावा.

यातून आपल्या मागण्या स्पष्ट होतात. कारखान्याच्या वाहतूक करारात ट्रेलरच्या ब्रेकची अट असावी आणि त्याचा खर्च उचलीत वा शेतकऱ्याच्या कपातीत न मिळविता कारखान्याने करावा. हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रेलरची भरल्या ओझ्यासह चाचणी व्हावी आणि हंगामाच्या मध्यास ती पुन्हा घ्यावी. कारण ब्रेकचे लायनर झिजतात आणि रिकाम्या ट्रेलरची चाचणी हा देखावा ठरतो. मर्यादेबाहेरचा ऊस काट्यावर स्वीकारूच नये. पण त्याच वेळी टनाचा दर असा वाढवावा की कमी भरूनही चालकाचे आणि वाहतूकदाराचे भागावे. टोळ्यांच्या प्रवासासाठी बसची व्यवस्था कारखान्याने करावी. आणि अपघात झाला तर पंचनाम्यात ट्रेलरला ब्रेक होते काय, ते लागले काय, आणि काट्यावरील आधीच्या खेपांची वजने काय होती, या तीन गोष्टींची नोंद व्हावी.

मागण्यांचे निवेदन देऊन स्वस्थ बसणे मात्र पुरेसे नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी यंदाच्या हंगामापूर्वी एक साधा कार्यक्रम घ्यावा. गावाबाहेरचे मोकळे सपाट मैदान पाहावे, तेथे भरलेले ट्रॅक्टर-ट्रेलर आणावेत, चालक, वाहतूकदार, ऊस उत्पादक आणि तोडणी कामगार यांना एकत्र बोलवावे. ओझ्यावर आणि वाटेत कोणीही नसल्याची खात्री करून ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगात गाडी थांबवावी आणि ती किती अंतरात थांबली ते सर्वांसमक्ष टेपने मोजावे. मग ब्रेक असलेला एखादा ट्रेलर मिळवून तितक्याच ओझ्याने, तितक्याच वेगात तीच चाचणी करावी. फक्त ट्रेलरचा ब्रेक लावून गाडी मागे खेचली जाते काय, दोन्ही बाजूंची चाके सारखी धरतात काय, गाडी सरळ रेषेत थांबते काय, हे पाहावे. उभ्या गाडीची सुरक्षा-खिट्टी ओढून पाहावी; मग ट्रॅक्टरने ओढले तरी ट्रेलरची चाके फिरता कामा नयेत. दोन अंतरे चुन्याच्या रेघांनी मैदानावर आखून ठेवावीत. शंभर भाषणांनी जे पटणार नाही ते त्या दोन रेघांमधील जागा पटवून देईल.

त्या जागेत कोणी तरी उभे असते. कधी शाळेतून परतणारी मुलगी, कधी सायकलवरचा दूधवाला, कधी उसाच्या मोळ्यांवर पेंगणारी तोडणी कामगार स्त्री आणि तिच्या मांडीवरचे मूल. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पुन्हा लिहिले जाईल की चालकाचा ताबा सुटला. त्या वेळी आपण एवढेच विचारावयाचे: तो ताबा त्याला दिला होता कोणी, आणि केव्हा?